न चुकणारे साडू

माझ्या माहितीत या पृथ्वीतलावर कधीही न चुकणारी माणसं दोनच. एक रोमला असतात. त्यांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगेन ते ऐकीव. दुसरे कारंजा घाडग्याला, नागपूर-अमरावती रस्त्याला लागून असलेल्या स्लॅबच्या घरात राहायचे, आणि त्यांच्याबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो, कारण ते माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं मी या गृहस्थांचा धाकटा साडू होतो. धाकट्या साडूचं काम काय, तर सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत थोरल्या साडूच्या शेजारच्या पाटावर बसायचं आणि वाढपी यायच्या आत आपलं काय काय चुकलं ते ऐकून घ्यायचं. माझ्या लग्नातच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मी सप्तपदीत एक पाऊल जास्त टाकलं. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. हजारो पुस्तकांना नंबर देऊन जागच्या जागी ठेवणारा माणूस, पण त्या दिवसापासून पाऊल मोजूनच टाकायची सवय लागली ती कायमची.

न चुकण्याची विद्या त्यांना उपजतच होती. रोमचा आधार नंतर सापडला. ते गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचं मनगटी घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं. शाळेची घंटा त्या घड्याळावर व्हायची, सबब अख्खी शाळा बारा वर्षं सात मिनिटं आधी भरत आणि सात मिनिटं आधी सुटत होती. आर्वीची एसटी वेळेवर आली तरी तिला सर 'लेट' म्हणायचे, आणि काही वर्षांनी कंडक्टरही उतरताना 'सर, माफ करजा, उशीर झाला' म्हणू लागले. एकदा एका ट्रकवाल्याने घरासमोर गाडी थांबवून अमरावतीचा रस्ता विचारला. आता घर हमरस्त्यावर, रस्ता एकच, दिशा दोन. यात चुकायला जागा नाही असं तुम्हांला वाटेल. सरांनी त्याला नागपूरच्या बाजूला हात दाखवला. तासाभराने तो ट्रकवाला तणतणत परत आला आणि दारात उभा राहिला. सरांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी सांगितला तो रस्ता बरोबरच होता. तुमचा ट्रकच उलट्या तोंडानं उभा होता." तो बिचारा विचार करत करत अमरावतीला गेला.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल, श्रीफळ आणि मुख्याध्यापकाची जुनी खुर्ची दिली. खुर्ची भेट दिली असं म्हणतात. खरं म्हणजे नवी फिरती खुर्ची येऊन पडली होती आणि जुनीचं काय करायचं हा शाळेपुढे प्रश्न होता. सागवानी, रुंद हातांची, वेताच्या बैठकीची ती खुर्ची साडूंनी घरी आणून समोरच्या वऱ्हांड्यात, रस्त्याकडे तोंड करून मांडली. वऱ्हांड्यात दुसरी खुर्ची ठेवायला मनाई होती. आलागेला भिंतीजवळच्या लाकडी बाकावर बसायचा, म्हणजे आपोआप विद्यार्थी व्हायचा. मीही पन्नाशी उलटेपर्यंत त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसलेलो आहे.

रोमशी संबंध जुळला तो फादरमुळे. रस्त्यापलीकडे मिशनचा एक छोटासा दवाखाना होता, दोन नर्स सिस्टर आणि एक प्रार्थनेची खोली. तिथे केरळहून नवे फादर आले. तरुण, हसतमुख, पायात रबरी चपला. त्यांना मराठी शिकायचं होतं आणि गावात रिकामे मास्तर एकच. साडूंनी त्यांना सहा महिन्यांत मराठी शिकवली. म्हणजे व्याकरण पुस्तकातलं शिकवलं, पण गप्पा घरच्या बोलीत मारल्या. परिणामी फादर विभक्तीचे तक्ते घडाघडा म्हणायचे आणि रविवारी प्रार्थनेत 'देव तुमच्यावर प्रेम करून राह्यला, बाप्पा' असं सांगायचे. त्यांच्या कळपात मोजून चार घरं होती, पण हे ऐकायला बाहेर पंधरा-वीस माणसं उभी राहायची.

मध्यंतरी रोमला नवे पोप निवडले गेले. पेपरात चिमणीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराचा फोटो आला. त्याखाली कुठेतरी लिहिलं होतं की कॅथलिक शिकवणीनुसार पोप अचूक असतात, त्यांच्या हातून चूक होत नाही. साडूंनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि फादर शिकवणीला आले तेव्हा त्यांच्यापुढे पेपर धरला. मी त्या रविवारी बाकावर होतो, म्हणून हा संवाद मला तोंडपाठ आहे.

"फादर, हे खरं हाय का? पोप चुकतच नाई?"

फादर हसले. "तसं नाई, सर. चहात साखर किती पाह्यजे, उद्या ऊन पडन का, असल्या गोष्टीत तेबी आपल्यासारखेच चुकते. पण जवा ते त्याहिच्या आसनावरून, साऱ्या चर्चसाठी, श्रद्धेच्या नाईतर नीतीच्या गोष्टीवर 'हे असंच हाय, अन् कायमचं हाय' असं जाहीर करते, तवा देव त्याहिले चुकू देत नाई. मंग ते कोणाले बदलता येत नाई. त्याहिले सोतालेबी नाई."

"आसनावरून म्हंजे खुर्चीवरून?"

"खुर्ची म्हणतेत, पण खुर्ची म्हंजे अधिकार, सर. लाकडाची नाई."

"अन् हा मान कोणाचा? माणसाचा का खुर्चीचा?"

"माणसाचा कायले राहीन? थो जागेचा मान हाय. आज हे बसले, उद्या दुसरे बसतीन."

"वापरते किती खेपा?"

"नियम लिहून ठेवल्याले दीडशेक वर्सं होत आले. तवापासून उघड उघड एकदाच, म्हणतेत."

हे शेवटचं ऐकून साडूंना रोमची फार कीव आली. एवढा मोठा अधिकार हाताशी असून दीडशे वर्षांत एकदा! त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून पंजे फिरवले. फादरच्या सांगण्यातली अर्धी वाक्यं बाकावर माझ्याजवळच राहिली आणि अर्धी खुर्चीकडे गेली. कुठली तिकडे गेली हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवी व्यवस्था लागू झाली. साडू खुर्चीबाहेर असताना जे बोलतील ते साधं बोलणं. त्यावर वाद घातलेला चालेल. मात्र खुर्चीवर बसून जे सांगतील ते अचूक, अंतिम आणि कायमचं. घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी एक सोयही करून दिली होती. खुर्चीबाहेर ते चारचौघांसारखं 'काऊन', 'मले-तुले' बोलायचे, आणि खुर्चीवर बसले की घसा खाकरून क्रमिक पुस्तकातलं मराठी सुरू व्हायचं. 'भाजीत मीठ यथायोग्य आहे,' असं खुर्चीवरून आलं की अळणी भाजी घरातल्या सगळ्यांनी गपगुमान खायची. शेजारच्या संत्र्याच्या बागेत यंदा फळगळ होणार नाही असं एकदा खुर्चीवरून जाहीर झालं. बागवाला पुढे महिनाभर खाली पडलेली संत्री साडूंची पाठ वळल्यावर उचलायचा. समोरासमोर उचलायची त्याला लाज वाटायची.

या नव्या धर्मशास्त्राचा सर्वांत खोल अभ्यास कुणी केला असेल तर तो ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने. बाई चौथी शिकलेली, पण आठवडाभरात सगळी कलमं त्यांच्या ध्यानात आली. ज्या प्रश्नाचं उत्तर पुढेमागे बदलून घ्यावं लागेल, तो त्या नवऱ्याला नळावर दात घासताना विचारायच्या. तोंडात फेस असताना दिलेला नकार दुपारपर्यंत फिरवता येतो, हा त्यांचा शोध. आणि जे एकदाच पक्कं करून घ्यायचं, ते खुर्चीवर चहा नेऊन देताना हळूच पुढे सरकवायचं. गॅसची दुसरी शेगडी, मंजूचं नागपूरचं कॉलेज, दर उन्हाळ्यात आठ दिवस माहेर, ही सगळी फर्मानं ताईंनी खुर्चीवरून वदवून घेतलेली. रोमला अशी एखादी ताई असती तर दीडशे वर्षांत काय काय पदरात पाडून घेतलं असतं!

खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, यामागचं कारण मला एकदा योगायोगाने कळलं. साडू आत कपडे बदलत होते आणि मी बुटाची नाडी बांधायला सहज त्या खुर्चीवर टेकलो. ते बाहेर आले आणि मला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता खुर्चीचा अपमान झाला म्हणून बोलणी बसणार. पण ते दोन्ही हात पुढे करून कळवळून ओरडले, "साडूभाऊ, बोलू नोका! आंधी उठा! तोंड उघडू नोका, आंधी उठा!" मान जागेचा असतो हे फादरचं वाक्य त्यांनी मनोमन मानलं होतं. मी खुर्चीवर बसून काहीबाही बोलून गेलो असतो तर ते त्यांनाही कायमचं बांधील झालं असतं, अशी त्यांची खरोखर समजूत होती. मी तोंड घट्ट मिटून उठलो आणि बाकावर जाऊन बसल्यावरच श्वास सोडला. इतका प्रामाणिक हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, हेही सांगून टाकतो.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पुढचं सांगताना मात्र मला अजून राग येतो. थोडा त्यांचा आणि बराचसा माझा.

मंजू ही त्यांची एकुलती एक लेक. बापाचं नाक आणि आईची अक्कल घेऊन आलेली पोरगी. वर्ध्याला नोकरीला लागली आणि तिथेच तिने लग्न ठरवलं. मुलगा अल्लीपूरचा, शेतकरी घरातला, बौद्ध, गणिताचा शिक्षक. शांत, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. आता तुम्ही म्हणाल, मास्तराच्या लेकीने मास्तर शोधला, यात बिघडलं काय? शिवाय हेच आमचे साडू एप्रिलातल्या जयंतीला दरवर्षी शाळेत समतेवर असं भाषण करायचे की मागच्या रांगेतली म्हातारी माणसं डोळे पुसायची. ते भाषण मी स्वतः तीनदा ऐकलेलं. पण मंजू सांगायला आली तेव्हा मी त्या भाषणाची आठवण करून दिली, तर साडू म्हणाले, "भाषण उभ्यानं केलतं." आणि ते जाऊन खुर्चीवर बसले. घसा खाकरला. ताई बाकाजवळ खाली बसून सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या, मंजू पायरीवर उभी होती, मी बाकावर होतो.

"आजपासून या घराचे दार हिच्यासाठी बंद आहे," ते म्हणाले. "हा निर्णय अंतिम आहे."

ताईंचं सूप थांबलं. मंजूने वडिलांकडे पाहिलं, आईच्या पाया पडली आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. लोक म्हणाले, समाजाला तोंड दाखवायचं म्हणून सर बोलले, राग ओसरला की बोलावतील. लोकांना व्यवस्था ठाऊक नव्हती. नळावर दात घासताना म्हणाले असते तर महिन्याभरात निभावलं असतं. ते खुर्चीवरून आलं होतं.

त्यानंतर ताईंनी नवऱ्याला काही विचारणंच सोडून दिलं. नळावर नाही, खुर्चीवर नाही, कुठेच नाही. चहा वेळेवर यायचा, कप ठेवून बाई आत जायची. साडू खुर्चीवर बसून राहायचे, समोरून ट्रक जायचे, आणि विचारायला कुणी येत नसे. अचूक माणसाला कुणी प्रश्नच विचारला नाही तर त्याचं काय होतं, ते मी त्या दोन वर्षांत पाहिलं. त्यांचं घड्याळ कधी बंद पडलं हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग मंजूला दिवस राहिले. सातवा लागल्याची बातमी माझ्या बायकोने फोनवर ताईंना सांगितली. ताईंनी फोन ठेवला, वऱ्हांड्यात आल्या आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याशी आपणहून बोलल्या. "पहिलं बाळंतपण माहेरात होते. माह्या लेकीचं कुठी होईन?" एवढंच. उत्तराची वाट न पाहता त्या आत गेल्या. आमच्याकडे हा रिवाज गरिबातल्या गरीब घराने मोडलेला नाही. उसनवारी करतील, पण पहिलटकरणीला माहेरी आणतील. बाई मागत होती ती तेवढीच एक गोष्ट, आणि दिवस मोजकेच उरले होते.

साडू त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडून फादरकडे गेले. पोपना आपला निर्णय मागे घ्यायचा असेल तर काय तरतूद आहे, अशी त्यांनी चौकशी केली. फादरनीच हे मला पुढे सांगितलं.

"तरतूद नाई, सर," फादर म्हणाले. "पण पोप असा निर्णय आपल्या घरच्या पोरीवर देत नाई. घरात कोणी यावं, कोणी नाई, हे त्याच्यात येतच नाई."

"आमच्या घरात येते," साडू म्हणाले.

"मंग एक सांगतो. पोप चुकत नाई म्हंजे पाप करत नाई असं नाई. पोपबी कबुली द्याले जाते. साध्या फादरसमोर गुडघे टेकून सांगते, माह्याकडून हे झालं, हे झालं."

"खुर्चीवर बसून?"

"नाई सर. खुर्चीवर बसून कबुली कशी देता येईन? उठाच लागते."

साडू नमस्कार करून निघून आले.

आठ दिवसांनी ते वर्ध्याला माझ्या ग्रंथालयात अवतरले. आजवर ते तिथे फक्त माझ्या कपाटांच्या चुका दाखवायला आले होते. त्या दिवशी मात्र एकाही पुस्तकाकडे न बघता, हातातली कापडी पिशवी पायाशी ठेवून ते माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"साडूभाऊ, खुर्चीचा वेत तुटलता. विणाले हिंगणघाटले पाठोलती. आठोते तुमाले?"

"आठवतं की."

"थे कोनत्या महिन्यात? मंजू आलती त्या दिवशी खुर्ची घरी नोयतीच का? मी मोड्यावर बसून बोललो, असं त झालं नाई ना?"

आता माझ्यासारख्या माणसाला इथे काय बोलायचं हे शाळकरी पोराने सांगितलं असतं. 'हो, खुर्ची हिंगणघाटलाच होती,' एवढे चार शब्द. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्यासमोर चुकत होता, आणि बरोबर काय ते मला माहीत होतं. माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला, सप्तपदीतलं ते जास्तीचं पाऊल आठवलं, आणि मी चष्मा पुसत मोठ्या समाधानाने म्हणालो, "छे! वेत विणायला गेली ती त्यानंतर चार महिन्यांनी. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवरच होता. मी समोर बाकावर होतो ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असन बाप्पा. तुमचंच बरोबर असन." असं म्हणून ते उठले आणि गेले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती घशाखाली उतरेना. थोड्या वेळाने पाहिलं तर पिशवी स्टुलापाशीच राहिली होती. आत डिंक, खारीक, खोबऱ्याची वाटी आणि खसखशीची पुडी. ज्या माणसाने जन्मात कधी मेथीची जुडी घरी आणली नाही, त्याने बाळंतिणीच्या लाडवांचं सामान दुकानात जाऊन निवडून घेतलं होतं. खारका एकसारख्या होत्या, एकही किडकी नव्हती.

मी घरी येऊन बायकोपुढे पिशवी ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. साडू पिशवी विसरून गेले म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "भाऊजी काही विसरत नाहीत," ती म्हणाली. "आणि तुम्हांला तीस वर्षांत खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला?" मग तिने मंजूला फोन लावला.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. गाडी जावई चालवत होता. फेब्रुवारी संपत आलेला, उन्हाला धार चढलेली, आणि आर्वीच्या पुढचा रस्ता खणून ठेवलेला. मंजू दर खड्ड्याला पुढची सीट घट्ट धरत होती. मला आपलं वाटत होतं की आपण तिला पुन्हा एकदा दारातून परत पाठवून घ्यायला नेतो आहोत. घरासमोर गाडी थांबली तेव्हा साडू नेहमीप्रमाणे खुर्चीवर होते. त्यांनी आम्हांला पाहिलं. हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले, पण तोंडातून शब्द फुटेना. मी त्यांची अडचण ओळखून होतो. खुर्चीवर बसून 'ये' म्हणायची सोय नव्हती, आणि 'जा' म्हणण्याची ताकद नव्हती. दारात ताई येऊन उभ्या राहिल्या. जावई फाटकाबाहेर उन्हात थांबला.

मंजू कमरेला हात लावून एकेक पायरी चढली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, उठा. पाय भरून आले माहे."

गरोदर बाई समोर उभी असताना बसून राहायचं, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. साडू उठले. मंजू त्या खुर्चीवर टेकली, पाठ मागे टेकवली आणि डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. एवढ्यात साडूंच्या ध्यानात आलं की काय होऊन बसलं आहे. त्यांचे दोन्ही हात पुढे आले. "मंजू, बोलू नोको, आंधी—"

"बाबा," खुर्चीवरून मंजू म्हणाली, "तुमचं चुकलं."

समोरून एक ट्रक गेला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि मग त्या रिकाम्या लाकडी बाकावर, आलागेला बसतो तिथे, ते हळूच बसले. त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. पाठीवरचं तुरीचं पोतं कुणीतरी खाली उतरवून घ्यावं तसं झालं होतं.

"ऐकलं ना, साडूभाऊ?" ते म्हणाले. "खुर्चीवरून आलं. आता आपल्याले काई बोलता येत नाई." मग थोडं थांबून, लेकीकडे न बघता, "चुकलंच, बाई. लय चुकलं." आणि लगेच फाटकाकडे वळून ओरडले, "मास्तर! तुमी उन्हात काऊन उभे हाय? या ना आत! अन् चपला सावलीत काढजा, तापतीन!"

ताई पदराने डोळे पुसत आत गेल्या. आतून डबे काढल्याचे आवाज येऊ लागले. माझ्या बायकोने पिशवी उघडून डिंक बाहेर काढला.

मंजूला मुलगी झाली, माहेरीच झाली. ती दोन महिने तिथे होती आणि ते दोन महिने खुर्ची तिच्याकडे होती. पुढेही साडू त्या खुर्चीवर फारसे बसले नाहीत. बाकच बरा, पाठ सरळ राहते, म्हणायचे. अर्थात बाकावरूनही ते चुकत नसतच. जावयाच्या गणितातल्या चुका त्यांनी बाकावरूनच काढल्या, आणि एसटी शेवटपर्यंत लेटच येत राहिली. फक्त अधूनमधून, एखादं ठाम विधान करून झालं की, ते रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचे, "आता हे असंच असन असं नाई, मले वाटते म्हणून सांगतलं." फादरना त्यांनी सगळी हकीकत सांगितली होती. फादर म्हणाले, हे रोमच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण वाईटही नाही.

गेल्या दिवाळीनंतर साडू गेले. चार दिवसांचा ताप, जास्त त्रास नाही. मागच्या महिन्यात मी एकटाच कारंज्याला गेलो होतो. ताई चहा टाकायला आत निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "बाकावर कायले बसता, भाऊ? खुर्चीवर बसा ना. आता कोण रागावते?"

मी बसलो. वेत मधोमध खचला होता, हातांवरचं पॉलिश पंज्यांएवढं उडालेलं होतं. समोरून नागपूरकडे ट्रक जात होते, अमरावतीकडे जात होते. मी सवयीने तोंड घट्ट मिटून बसलो होतो; कुणीतरी आतून हात पुढे करत येईल आणि 'आंधी उठा' म्हणेल असं वाटत होतं. कुणी आलं नाही. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी उठायला हवं होतं. पण मी उठलो नाही, नीट पाठ टेकून बसलो, घसा खाकरला आणि खुर्चीवरूनच म्हणालो,

"ताई, माणूस चांगला होता."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि कप माझ्या हातात दिला.

"आता हे बदलता येत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या.